लाकडाचा फोटो

"हे सनमायका आहे," बाबा म्हणाले.

मी त्यांच्यासमोर मोबाइल धरून मोठ्या उत्साहाने एक फोटो दाखवत होतो. फोटोत एक शेल्फ. म्हणजे, शेल्फ म्हणायचं तर म्हणा. माणसाहून थोडं उंच, जवळजवळ तेवढंच रुंद. खाली दोन ड्रॉवर, वर तिरप्या फळ्या, आणि सगळ्यात वर कुणीतरी हात फाकून उभं आहे असा आकार. लाल, पिवळा, हिरवा, निळा, एकमेकांशी भांडणारे रंग. पायथ्याला पांढऱ्यावर काळे किडे वळवळतायत असा पॅटर्न. नाव 'कार्लटन'. साल 1981. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संग्रहात हे शेल्फ आहे, हे मी आवर्जून सांगितलं.

बाबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. कोपरे बघितले. मग परत खालचा पाया बघितला.

"आत एमडीएफ असंल. कडेला लिपिंग नाही मारलेली. कोपरे उकलतेत असे. कितीला?"

"लाखांत."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीस वर्षं मी हेच चिकटवलं. आमचं लाकडासारखं दिसायचं, म्हणून पैसे मिळायचे. यानं तर लपवलंच नाही."

त्यानंतर तीन महिने माझ्या डोक्यात हे एकच वाक्य फिरत होतं. हा लेख त्या तीन महिन्यांचा आहे.

*

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. फर्निचरशी माझा संबंध इतकाच, की माझी इंजिनिअरिंगची फी फर्निचरमधून निघाली. बाबा 1985 च्या सुमारास पैठण तालुक्यातलं गाव सोडून औरंगाबादला आले. वाळूजला कारखाने उभे राहत होते, सिडकोत घरं उठत होती आणि प्रत्येक नव्या घराला शोकेस हवं होतं. बाबा एका उस्तादाच्या हाताखाली रंधा मारायला शिकले आणि पुढे स्वतः मिस्त्री झाले. मुकुंदवाडीत त्यांचं पत्र्याचं शेड आहे. (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. या लेखात मी जो काळ, त्या काळचं नाव लिहितोय. एका जुन्या फोटोच्या मागचा शिक्का पुढे येणार आहे, तो मला बदलता येत नाही.)

कार्लटनपर्यंत मी पोचलो ते कॉम्प्युटरच्या वाटेने. ऑफिसमध्ये 'कॉम्प्युटिंगचा इतिहास' या विषयावर अर्धा तास बोलायचं होतं. आयबीएम वगैरे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून मी इटलीच्या ऑलिवेत्ती कंपनीचा 'एलेआ 9003' शोधला. 1959 चं, ट्रान्झिस्टरवर चालणारं अवाढव्य यंत्र. मारियो चू नावाच्या इंजिनिअरच्या टीमने ते बनवलं. पण माझी नजर अडकली ती यंत्राच्या दिसण्यावर. कॅबिनेटं मुद्दाम इतकी बुटकी ठेवलेली, की काम करणाऱ्या माणसांना वरून एकमेकांची तोंडं दिसावीत. कंट्रोल पॅनेलवर रंगीत बटणांच्या रांगा. हे ज्याने केलं तो एत्तोरे सोत्सास. वास्तुविशारद बापाचा वास्तुविशारद मुलगा, जन्म 1917.

सोत्सास 1961 मध्ये भारतात फिरून गेला. त्यानंतर मूत्रपिंडाच्या आजाराने तो मरता मरता वाचला, कॅलिफोर्नियात उपचार झाले. बरा झाल्यावर त्याने मातीची तबकं केली आणि त्या मालिकेचं नाव ठेवलं 'शिवाला अर्पण'. 1969 मध्ये पेरी किंगसोबत त्याने लालभडक 'व्हॅलेंटाइन' टाइपरायटर केला. इथवर एखादा माणूस समाधानाने रिटायर झाला असता.

पण डिसेंबर 1980 मध्ये एका रात्री मिलानमधल्या त्याच्या घरी काही तरुण डिझायनर जमले. बहुतेक जण त्याच्याहून तीस-तीस वर्षांनी लहान. चांगल्या अभिरुचीच्या नावाखाली सगळं जग करडं, काळं आणि चौकोनी होत चाललंय याचा सगळ्यांना कंटाळा आलेला. रेकॉर्डवर बॉब डिलनचं एक गाणं पुन्हापुन्हा वाजत होतं, त्यात मेम्फिस या गावाचं नाव यायचं. ग्रुपचं नाव ठरलं मेम्फिस. प्राचीन इजिप्तची राजधानीही मेम्फिसच आणि एल्विस प्रेस्लीचं गावही मेम्फिसच, हे त्यांना आणखी आवडलं. सप्टेंबर 1981 मध्ये पहिलं प्रदर्शन भरलं. सोत्सास तेव्हा 64 वर्षांचा होता. माझ्या बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठा.

या ग्रुपचा एक फोटो आहे, तो तुम्हाला सहज सापडेल. मासानोरी उमेदा या जपानी डिझायनरने एक बॉक्सिंग रिंग बनवली होती. खाली काळे-पांढरे पट्टे, चारी बाजूंनी दोर, आत जपानी घरातल्या चटया. बसायला, लोळायला, गप्पा मारायला. त्या रिंगमध्ये अख्खा मेम्फिस ग्रुप पसरलाय. कोणी बसलंय, कोणी आडवं झालंय, मारामारीचा पत्ता नाही. जगातल्या सगळ्या ग्रुप फोटोंमध्ये माणसं एकतर शाळेसारखी रांगेत असतात किंवा कंपनीच्या वेबसाइटसारखी हाताची घडी घालून उभी असतात. हा फोटो बघितला आणि ठरवलं, आपणही असे फोटो काढायचे. सेट आपण बांधायचा. शेड आहे, सनमायका आहे, मिस्त्री घरात आहे.

*

आधी सनमायकाबद्दल थोडं, कारण सगळी भानगड तिथेच आहे.

सनमायका हे खरं तर एका ब्रँडचं नाव, पण आपल्याकडे कुठल्याही लॅमिनेटला सनमायकाच म्हणतात, जसं कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स. 8 बाय 4 फुटांचा, जेमतेम 1 मिलिमीटर जाडीचा पत्रा. तो असतो निव्वळ कागदाचा. खाली तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर, फेनॉलच्या रेझिनमध्ये भिजवलेले. त्यावर एक छापील कागद, मेलामाइनमध्ये भिजवलेला. हे सगळं गरम प्रेसमध्ये प्रचंड दाबाखाली दाबलं, की कडक पत्रा तयार होतो.

याची सुरुवात घरात झालीच नाही. 1913 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ'कॉनर या दोन इंजिनिअरांनी विजेच्या यंत्रांसाठी इन्सुलेशन म्हणून हा माल विकायला काढला. तोवर त्या कामाला अभ्रक लागायचं, म्हणजे मायका. हे मायकाऐवजी, म्हणून 'फॉर मायका'. फॉर्मायका. म्हणजे नावातच लिहिलंय, मी अस्सल नाही, मी दुसऱ्याच्या जागी आलोय. आपल्या सनमायकाच्या शेपटीलाही तेच अभ्रक चिकटलेलं आहे.

आता तो छापील कागद. लाकडासारखी सनमायका कशी बनते? खऱ्या लाकडाच्या फळीचा फोटो घेतात, त्यावरून छपाईचे रोलर बनतात आणि मैलच्या मैल कागद छापला जातो. तुमच्या घरातल्या कपाटावर जे 'सागवान' आहे, तो सागवानाचा फोटो आहे. हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी आमच्या बेडरूममधल्या कपाटाकडे बघत बसलो. नीट बघितलं तर एकच गाठ तीन ठिकाणी दिसत होती. तीच गाठ, तोच फोटो.

म्हणजे बाबा तीस वर्षं लोकांच्या घरात लाकडाचे फोटो चिकटवत होते.

मेम्फिसवाल्यांनी नेमकं हेच उलटं केलं. इटलीत लॅमिनेट म्हणजे कॉफी बारची टेबलं, स्वस्त स्वयंपाकघरं. ते त्यांनी दिवाणखान्यात आणलं, आणि आणताना त्याला लाकूड असल्याचं नाटक करायला लावलं नाही. सोत्सासने 1978 मध्येच तो किड्यांचा पॅटर्न एका लॅमिनेट कंपनीसाठी केला होता, नाव 'बॅक्टेरियो'. जगात कुठल्याही झाडावर, दगडावर नसलेला पॅटर्न. हा फक्त सनमायकाचाच असू शकतो. गरिबाच्या मटेरियलला त्याने पहिल्यांदा स्वतःचा चेहरा दिला असं मला वाटतं. अर्थात तो चेहरा विकत घेतला श्रीमंतांनी. फॅशन डिझायनर कार्ल लागरफेल्डने माँटे कार्लोतलं अख्खं अपार्टमेंट मेम्फिसने भरलं होतं, त्या बॉक्सिंग रिंगसकट.

*

पहिलं शूट मी मित्रांचं केलं.

प्लायवूडच्या दुकानात गेलो आणि प्लेन कलरच्या सनमायकाचे कटपीस मागितले. दुकानदाराने विचारलं, "नर्सरीचं काम आहे का आइस्क्रीम पार्लरचं?" आपल्याकडे राणी कलर आणि पोपटी सनमायका फक्त याच दोन ठिकाणी लागते. मोठ्या माणसांसाठी वुडन फिनिश. रंग म्हणजे पोरकटपणा, हे आपण मोडर्निझम न शिकताच ठरवून टाकलंय.

बॅक्टेरियो काही मिळणार नव्हता आणि दुसऱ्याचा पॅटर्न उचलायचाही नव्हता. मी पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली: वाकड्यातिकड्या रेघा, एकमेकींना न शिवणाऱ्या, प्रत्येकीचा कोन वेगळा. रेघा छान आल्या. त्या 10 बाय 8 फुटांवर छापायच्या कुठे? आपल्या शहरात एवढं मोठं स्वस्तात छापणारी एकच जात आहे, ती म्हणजे फ्लेक्सवाले. फाइल उघडून तो मुलगा बराच वेळ बघत राहिला.

"फोटो कुठाय?"

"फोटो नाही. एवढंच छापायचं."

"वाढदिवस कुणाचा आहे?"

मेम्फिसचे खांब मी सहा इंची पीव्हीसी पाइपचे केले, त्यावर इलेक्ट्रिकच्या रंगीत टेपचे पट्टे. एका पाइपवर प्लास्टिकचं टोपलं उपडं, त्यावर पिवळा चेंडू. एका प्लायला गोल भोक पाडून त्यातून डोकं बाहेर काढता येईल असं केलं. दोन फ्लॅश भाड्याने आणले. पहिला पूर्ण दिवस वाया गेला, कारण फ्लेक्स आणि सनमायका दोन्ही चमकतात. समोरून फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग. पोर्ट्रेटची पुस्तकं सांगतात, लाइट मऊ करा, माणूस पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे ठेवा, सावली पडू देऊ नका. ते केलं की सगळं गुळगुळीत, पासपोर्ट फोटोसारखं व्हायचं. शेवटी उलटं केलं. फ्लॅश उघडा ठेवला, बाजूने आणि बराच वरून मारला. डाग गेला आणि माणसामागे कडक काळी सावली पडली. ती सावलीच सेटचा आणखी एक आकार झाली. सावली चुकवायची नाही, तिला जागा द्यायची, हे कळल्यावर फोटो जमायला लागले.

मित्र खूश. एकाने तो फोटो लग्नाच्या बायोडेटावर टाकला. (त्याच्या आईने काढून टाकला.)

बाबांनी सगळे, चाळीसच्या चाळीस, फोटो बघितले. मग म्हणाले, "चांगले आलेत. हसू कुणाचं केलंय यात?"

"कुणाचंच नाही. गंमत आहे नुसती."

"मग ठीक आहे."

"आता तुमचा काढू."

"मला नको. माझं हसू होईल."

हे त्यांनी चिडून नाही म्हटलं. पाऊस येईल, छत्री घे, इतक्या साध्या सुरात म्हटलं. आणि मला काही उत्तर सुचेना.

*

आईबाबांचा एकच स्टुडिओ फोटो आहे. 1993, लग्नानंतर महिन्याभराने काढलेला. गुलमंडीजवळ तो स्टुडिओ होता, आता तिथे मोबाइल कव्हर मिळतात. मागे जांभळा शिक्का, स्टुडिओचं नाव आणि खाली 'औरंगाबाद'. फोटोत मागे तळं, तळ्यात दोन राजहंस, लांबवर बर्फाचे डोंगर, डाव्या बाजूला संगमरवरी खांब. सगळं पडद्यावर रंगवलेलं. बाबांच्या अंगात स्टुडिओचा कोट, बाह्या मनगटाच्या वर. आई प्लास्टिकच्या फुलदाणीवर हात ठेवून उभी. दोघंही हसत नाहीयेत.

"स्टुडिओवाल्यानं विचारलं, तळं का ताजमहाल," आई सांगते. "म्हटलं, ताजमहाल कामून? मकबरा आहे की इथं. तळं द्या."

मी त्या फोटोकडे आजवर गंमत म्हणूनच बघत आलो होतो. आता त्या पडद्याचा माग काढायला बसलो.

फोटोग्राफी जगासमोर आली 1839 मध्ये, आणि दोनच वर्षांत लंडनमध्ये क्लॉडेट नावाच्या फोटोग्राफरने रंगवलेल्या पडद्याचं पेटंट घेतलं. म्हणजे कॅमेऱ्याने खरं दाखवायला सुरुवात केली आणि लगेच माणसांनी मागे खोटं लावलं. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि निजामाच्या राज्यातल्या फोटोग्राफरांत नाव घ्यायचं ते लाला दीनदयाळ यांचं. हा माणूस मला जवळचा वाटतो, कारण तोही इंजिनिअर. रुरकीला शिकलेला, इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारा. पुढे नोकरी सोडली, सहाव्या निजामाचा फोटोग्राफर झाला, वेरूळ, दौलताबाद, मकबरा सगळ्यांचे फोटो काढले. त्याच्या सिकंदराबादच्या स्टुडिओत पडदे, खांब, गालिचे, खुर्च्या, सगळा सरंजाम होता. 1892 मध्ये त्याने पडदानशीन बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तिथे फोटोग्राफरही बाईच. नवाबांच्या मागे रंगवलेला महाल लावला तर तो त्यांच्या खऱ्या महालापेक्षा साधाच असणार. पडद्याची खरी गरज त्यांना नव्हतीच.

मराठी मुलखात पडदा रंगवायची कला नाटकाने वाढवली. संगीत नाटकांच्या कंपन्यांना राजवाडे, बागा, रस्ते लागायचे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे भाऊ असे पडदे रंगवण्यात इतके वाकबगार, की 'पेंटर' हेच त्यांचं आडनाव झालं. मूळ आडनाव मेस्त्री. कारागिरांचं घर. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे स्वतः कॅमेरा जमवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1920 मध्ये 'सैरंध्री' आला. पडदे रंगवणारा मिस्त्री सिनेमा करायला लागला तो असा. आणि फाळके? सिनेमाआधी त्यांनीही गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवून बघितला होता. नाटकाचा पडदा, स्टुडिओचा पडदा आणि सिनेमाचा पडदा, तिन्ही एकाच घरातले. मराठीत तिन्हींना शब्दही एकच आहे.

मग हा पडदा खाली उतरत उतरत तालुक्याच्या गावापर्यंत आला. ख्रिस्तोफर पिनी या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने मध्य प्रदेशातल्या नागदा या कारखान्यांच्या गावातले स्टुडिओ अभ्यासले. 1997 मध्ये त्यांचं 'कॅमेरा इंडिका' आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की इथे गिऱ्हाईक 'मी जसा आहे तसा काढ' म्हणून येत नाही. तो जे होऊ शकला असता ते व्हायला येतो. स्टुडिओ म्हणजे चेहरा पकडायची नाही, घडवायची जागा.

इथे मला बाबांच्या प्रश्नाचा अर्थ लागायला लागला. मेम्फिसचा विनोद अभिरुचीवर होता. सोत्सास काय, उमेदा काय, त्यांना अभिरुची आहे हे सगळ्यांना मान्यच होतं, म्हणून ते तिची टिंगल करू शकले. बॉक्सिंग रिंगमध्ये लोळायला आधी तुमची खुर्ची पक्की असावी लागते. 1993 चा पंचविशीतला मिस्त्री, स्टुडिओचा कोट घालून बर्फासमोर उभा आहे, त्याला विनोद परवडत नाही. दोघांच्याही मागे सगळं खोटंच आहे. पण एकाला ते खोटं आहे हे जगाला सांगायचंय आणि दुसऱ्याला ते घटकाभर खरं करायचंय.

पुष्पमाला एन. या कलावतीने 2000 ते 2003 या काळात 'बॉम्बे फोटो स्टुडिओ' नावाची मालिका केली. सिनेमाच्या नट्यांसारख्या पोजमध्ये ती स्वतः. हल्ली कुणीही फिल्टर लावून हे करेल. पण ती गेली जे. एच. ठक्कर यांच्याकडे, मुंबईच्या इंडिया फोटो स्टुडिओत. त्यांनी जुन्या जमान्यातल्या नटनट्यांचे फोटो काढले होते. त्यांच्याच दिव्यांखाली, त्यांच्याच पद्धतीने तिने स्वतःचे फोटो काढून घेतले. ते फोटो बघताना हसू येतं, पण ठक्करांच्या प्रकाशाला नाही. त्यांचं काम त्यात पूर्ण गंभीरपणे चाललेलं आहे. गंमत करायची तर मिस्त्रीच्या हातावर करायची नाही, हे मला तिथे कळलं.

*

एका रविवारी आईबाबांना घेऊन मकबऱ्यात गेलो. फोटोच्या निमित्ताने नाही, पाहुणे आले होते. संभाजीनगरच्या माणसाच्या नशिबी मकबरा म्हणजे पाहुणे.

गाइड सगळ्यांना तेच सांगत असतात: ताजची नक्कल, गरिबाचा ताज. दिलरास बानू बेगमची ही कबर 1660 च्या आसपास बांधून झाली. खर्च 6,68,203 रुपये 7 आणे झाला असं सांगतात, ताजच्या मानाने किरकोळ. दारावर दोन नावं आहेत, अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपत राय हा इंजिनिअर. अताउल्ला हा ताजच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. बापाने अस्सल बांधलं, पोराच्या वाट्याला कमी बजेट आलं. (सॉफ्टवेअरमध्ये असलेल्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.)

बाबा भिंतीला हात लावत चालले होते. कमरेच्या जरा वर एका ठिकाणी थांबले. "हे बघ. इथपर्यंत संगमरवर. वर चुना."

खरंच, खालचा पट्टा आणि घुमट संगमरवरी, मधली भिंत आपल्या काळ्या दगडाची, त्यावर गुळगुळीत गिलावा. जोड शोधावा लागतो. बाबांनी बोटाच्या टोकाने शोधला.

"नजर जाते तिथं अस्सल वापरलं," ते म्हणाले. "आमच्यासारखंच की. समोरून विनियर, आतून सनमायका."

या शहराला नक्कलेचं वावडं कधीच नव्हतं. आमचं हिमरू घ्या. सोन्या-चांदीच्या जरीचं किनखाब परवडायचं नाही, म्हणून सुती ताणा आणि रेशमी बाणा घालून तीच नक्षी विणली गेली. नाव फारसी 'हम-रू'वरून आलं म्हणतात. रू म्हणजे चेहरा. सारख्या चेहऱ्याचं. पण आज कुणी हिमरूची शाल खांद्यावर घेऊन 'हे किनखाब आहे' असं भासवत नाही. नक्कल इतकी वर्षं टिकली, की तिला स्वतःचं नाव झालं.

परत येताना रिक्षात बाबा गप्प होते. घरी आल्यावर म्हणाले, "तुझं ते भांडण लावलेलं शेल्फ परत दाखव."

*

पुढचे तीन रविवार शेड त्यांच्या ताब्यात होतं. मी फक्त धरायला.

माझे रंगीत कटपीस त्यांनी बाजूला ठेवले. माळ्यावरून त्यांचे स्वतःचे तुकडे काढले, वर्षानुवर्षं जमवलेले. सागवान, शिसम, अक्रोड, मागे पेन्सिलने लिहिलेली गिऱ्हाइकांची नावं. एक तुकडा सिडकोतल्या कुठल्याशा डॉक्टरांच्या शोकेसचा. एक आमच्याच टीव्ही युनिटचा. रंग नाहीच, सगळी लाकडं. मी म्हटलं, यात मेम्फिस कुठाय? ते म्हणाले, धर नीट.

कार्लटनची नक्कल त्यांनी केली नाही. दोन तिरप्या फळ्या ठेवल्या, बाकी आकार त्यांचा. लाकडाच्या रेषा नेहमी उभ्या लावतात, त्यांनी आडव्या लावल्या, तिरप्या लावल्या, सागवानाच्या मधोमध शिसमाचा गोल बसवला. खरं झाड असं कधी वाढणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कडा. सनमायका कापली की कडेला काळी-तपकिरी रेघ दिसते, आतल्या क्राफ्ट कागदाची. ती रेघ झाकणं म्हणजेच अर्धी मिस्त्रीगिरी. लिपिंग मारा, पॉलिशचं बोट फिरवा, काहीही करा, पण रेघ दिसता कामा नये. यावेळी त्यांनी एकही कड झाकली नाही. कानस मारून रेघ एकसारखी केली आणि उघडी ठेवली. लांबून बघितलं तर सगळ्या आकारांना कुणीतरी बारीक काळ्या पेनाने आउटलाइन केल्यासारखी.

"कोपरे उकलतील," मी म्हणालो.

"नाही उकलत. मी चिकटवलेत."

फोटोसाठी ते पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आले. कानाला पेन्सिल होती, ती मी ठेवा म्हणालो नाही, ती असतेच. बसायला त्यांनी शेडमधला रोजचा स्टूल घेतला, फेविकॉलचे डाग पडलेला. मी फ्लॅश बाजूने, वरून मारला. हसा म्हणालो नाही. मागे ती कडक सावली पडली, फळ्यांच्या तिरप्या आकारात बरोबर बसली. चौथ्या फोटोत ते कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत, मान वळवून मागच्या जोडाकडे बघतायत. कुठे फट राहिली का ते. तोच ठेवला.

आईला दाखवला. तिने चष्मा लावून बघितला, चांगला आलाय म्हणाली. मग म्हणाली, "माझा पण काढ. पण मला हे लाकूडफिकूड नको. मला तळं पाहिजे."

1993 चा फोटो मी स्कॅन केला. आईबाबांना मधून काढून टाकलं, त्यांच्यामागे झाकलेलं तळं हाताने भरून काढलं. एक राजहंस आईच्या पदराखाली निम्मा गेला होता, त्याला दुसऱ्याचा चेहरा लावला. बर्फ होता तसाच ठेवला. 10 बाय 8 ची फाइल करून फ्लेक्सवाल्याकडे घेऊन गेलो. तोच मुलगा होता. या वेळी त्याने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. तळं बघितलं, राजहंस बघितले, मान डोलावली.

"हे भारी आहे," तो म्हणाला. "खाली शुभेच्छुक कोण टाकू?"